श म्हणजे शेजार

नोकरीच्या पहिल्या दिवशी मॅडमनी मला नाव विचारलं नाही. विचारलं काय, तर सकाळी काय खाल्लंस. मी मोहन्याच्या चाळीतून धापा टाकत आलेले, सर्टिफिकेटांची फाइल छातीशी धरलेली, तोंडात चार इंग्रजी वाक्यं घोकून घोकून गुळगुळीत झालेली. "चहा-चपाती," मी म्हटलं. "आणि काल रात्री?" "डाळ-भात." त्यांनी मान हलवली. "इथे उपाशी यायचं नाही. उपाशी माणसाचा हात थरथरतो आणि तुकडा जाड निघतो." नाव त्यांनी दुपारी विचारलं, तेही मस्टरवर लिहायचं होतं म्हणून.

मनात म्हटलं, बाई जरा हललेलीच दिसते. पुढे सोळा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि ते मत काही पूर्ण बदललं नाही. फक्त आता ते आठवलं की मी कामाच्या ठिकाणी उगाच नाक शिंकरत बसते.

आमची लॅब कल्याणला होती, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. ऑपरेशनमध्ये माणसाच्या शरीरातून काढलेले तुकडे आमच्याकडे यायचे. ते मेणात बसवायचे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचे, काचेवर चढवून रंगवायचे, हे माझं काम. ती काच मायक्रोस्कोपखाली बघून कॅन्सर आहे की नाही ते लिहायचं, हे मॅडमचं. म्हणजे माणूस घाबरून ज्या कागदाची वाट बघत बसतो ना, तो कागद त्यांच्या सहीचा असायचा.

मॅडम तेव्हा पन्नाशीच्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. डोंबिवलीहून यायच्या. सुती साडी, वर अ‍ॅप्रन, अ‍ॅप्रनच्या एका खिशात पेन्सिली आणि दुसऱ्यात फुटाणे. कधी कधी पेन्सिल समजून फुटाणे बाहेर यायचे. रिक्षावाल्यालासुद्धा विचारायच्या, जेवलास का, काय जेवलास. वडापाव म्हटला की गप्प व्हायच्या आणि उतरताना म्हणायच्या, "संध्याकाळी तरी भाकरी खा." रिक्षावाले आधी चक्रावायचे, मग सवयीने आपणहूनच सांगायचे.

मार्केटात मटणाच्या दुकानासमोर तर बघायलाच नको. मॅडम कलेजी खात नसत, पण दुकानात शिरून ती हातात घेऊन उलटीपालटी करून बघायच्या. "हिच्यावर चरबी चढलीय. काय खायला घालत होते याला?" दुकानदार म्हणायचा, "घ्यायची का मॅडम?" "नाही, बघायची आहे." माझी मान खाली. पुढे पुढे तो माणूस काही विचित्र रंगाची कलेजी आली की बाजूला काढून ठेवायला लागला, आणि आम्ही दिसलो की लांबून हात करायचा.

यकृत म्हणजे त्यांचा जीव की प्राण. बाकी सगळे अवयव त्या नीट बघायच्या, पण यकृताचा तुकडा आला की खुर्ची पुढे ओढून बसायच्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला बसवून समजावलेलं. "तू चाळीत राहतेस ना? मग तुला पटकन कळेल. यकृत ही चाळ आहे. नळ एका टोकाला. रक्त तिकडून येतं. नळाजवळच्या पेशींना ताजा प्राणवायू मिळतो, त्या शरीरासाठी साखर तयार करतात. रक्त पार दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर त्यातला प्राणवायू कमी झालेला असतो, म्हणून तिकडच्या पेशी वेगळी कामं करतात. चरबी बनवतात, औषधं, दारू, असलं सगळं निस्तरतात. रूप एकच, पण खोलीप्रमाणे धंदा वेगळा आणि जेवणही वेगळं."

"आणि कॅन्सरची गाठ झाली की?" मी विचारलं.

"गाठ म्हटलं की ती एक वस्तू वाटते आपल्याला. वस्तू नाहीये गं, वस्ती आहे. मधोमध रक्त नीट पोचत नाही, तर तिथल्या पेशी साखर अर्धीकच्ची खातात आणि आम्ल बाहेर टाकतात. कडेच्या पेशी ते आम्लसुद्धा खाऊन टाकतात, वर चरबी खातात. एका पेशंटची गाठ साखरेवर जगते, दुसऱ्याची नाही. एकाच गाठीच्या दोन टोकांचं एकमेकांशी जमत नाही."

"मग बाजूच्या चांगल्या पेशींचं काय होतं?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग खिशातले फुटाणे काढून माझ्या हातावर ठेवले. "हे कोणी विचारतच नाही," म्हणाल्या. "सगळे गाठीकडे बघतात. शेजार उपाशी राहतो, का गाठीला डबा पुरवतो, का हळूहळू तिच्यासारखाच जेवायला लागतो, हे मला बघायचंय."

शेजार हा त्यांचा शब्द. गाठीच्या आजूबाजूचं यकृत, ते शेजार. सर्जनला फोन लावून विचारायच्या, "डॉक्टर, गाठ पोचली. शेजार कुठे आहे?" पलीकडून काहीतरी उत्तर यायचं. "एवढासाच? मग मी वाचू काय?" सर्जन लोक वैतागायचे, पण पुढच्या वेळी शेजार पाठवायचे.

आणि नॉर्मल हा शब्द लॅबमध्ये बंद. एकदा मी रिपोर्ट टाइप करताना लिहिलेला, तर मॅडमनी त्यावर अशी काट मारली की कागद फाटला. "नॉर्मल म्हणजे कोणाच्या मते? ज्याच्या शेजारी गाठ राहून गेली तो नॉर्मल कसा असेल? काय दिसलं ते लिही." बाकी सगळ्या लॅबमध्ये नळ्यांवर एन आणि टी लिहितात. एन म्हणजे नॉर्मल, टी म्हणजे ट्यूमर. आमच्याकडे एन नको म्हणून मॅडमनी मराठी अक्षरं काढली. ग म्हणजे गाठ, क म्हणजे कड, श म्हणजे शेजार. बाहेरचे डॉक्टर हसायचे, अंगणवाडी उघडलीत का विचारायचे. मलाही लाज वाटायची, खोटं कशाला बोलू.

मॅडमचा स्वतःचा एक अभ्यास चालू होता. यकृताची गाठ आली की रिपोर्टपुरतं बाजूला काढून उरलेल्यातले तीन छोटे तुकडे नळ्यांत घालून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या. पुढे कधीतरी मुंबईच्या एका संस्थेकडे पाठवून कुठल्या तुकड्यात कुठली साखर, कुठली चरबी, कुठलं आम्ल ते मोजून घ्यायचं. पण पेशंटला विचारल्याशिवाय काही ठेवायचं नाही. स्वतः खाली वॉर्डात जायच्या. शहाडचे एक आजोबा होते, त्यांना म्हणाल्या, "तुमच्या गाठीतला थोडा आणि शेजारातला थोडा तुकडा ठेवला तर चालेल का?" आजोबा म्हणाले, "शेजारचे काय देणार बाई, ते तर पाण्याच्या मोटारीवरून पोलिसांत गेलेत." मॅडमनी ते मोटारीचं भांडण अर्धा तास ऐकून घेतलं, मग सही घेतली. वर आल्यावर मला म्हणाल्या, "माणूस तापट आहे, पण यकृत सोसणारं दिसतं." आजोबा बरे झाले आणि दोनदा आवळे घेऊन आले.

हे सगळं वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. दुपारी वीज गेलेली, मायक्रोस्कोप बंद, आम्ही दोघी चहा घेत बसलेलो.

"दादाला यकृताची गाठ होती," त्या म्हणाल्या. दादा म्हणजे त्यांचा मोठा भाऊ. "ऑपरेशन झालं. आपल्या माणसाचं आपण बघू नये खरं तर. पण मला दुसऱ्या कोणाचा भरवसा वाटेना, मीच बघितलं. मीच लिहिलं. कड स्वच्छ, शेजारचा भाग नॉर्मल. वहिनीने पेढे वाटले. दीड वर्षात त्याच शेजारात चार गाठी निघाल्या."

मी कप खाली ठेवला. "तुमच्याकडून सुटलं असं वाटतं तुम्हाला?"

"माहीत नाही. तेच माहीत नाही. माझ्याकडून सुटलं, का तिथे दिसण्यासारखं काही नव्हतंच? एवढं मला मरायच्या आधी कळायला हवं."

दादा गेल्यावर मॅडम आणि वहिनी डोंबिवलीला एकत्र राहत होत्या. वहिनींना मूलबाळ नव्हतं. मॅडमचा डबा त्याच भरायच्या, आणि डबा उघडताना मॅडम रोज सांगायच्या, आज वहिनीने अमुक केलंय, काल वहिनी तमुक म्हणाली. वहिनी हेच त्यांचं घर होतं.

आता माझी गोष्ट येते, आणि ती काही कौतुकाची नाही.

लॅब खडकपाड्याला नव्या इमारतीत हलवायची ठरली, नेमकी मॅडम सुट्टीवर असताना. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. फ्रीजरमधल्या नऊ वर्षांच्या नळ्या हलवायचं काम माझ्याकडे आलं. थर्माकोलच्या पेट्यांत सुका बर्फ घालून मी त्या टेंपोत ठेवल्या. वाटेत एका स्पीडब्रेकरवर एक पेटी कलंडली. नव्या जागी उघडली तर त्यातल्या नळ्या सांडलेल्या, सगळ्यांवर पांढरं दव चढलेलं. मी शहाणी, स्पिरिटचा बोळा घेऊन पुसायला बसले. नंबर छापील होते, ते राहिले. पण अक्षरं मार्करने हाताने लिहिलेली. श चं पुढचं वळण विरघळलं, मागचा दांडा उरला. ग चंही तेच झालं; क तेवढा ओळखू येत होता. पुसलेला श आणि पुसलेला ग शेजारी शेजारी ठेवले तर ब्रह्मदेवालाही ओळखता येणार नाहीत. एन आणि टी असते तर असं झालं नसतं, हे मी तेव्हाही मनात म्हटलं.

तेवीस नळ्या होत्या. मॅडमना फोन करायला हवा होता. पण त्या हॉस्पिटलात, सुका बर्फ संपत आलेला, आणि खरं सांगायचं तर मी त्यांच्या बोलण्याला घाबरले. रंग बघून ठरवलं. फिकट ती गाठ, तपकिरी तो शेजार. ज्याचं यकृत आधीच आकसून खडबडीत झालेलं असतं त्याच्यात रंगावरून काही कळत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी लिहिलं. निळ्या मार्करने ठळक अक्षरांत लिहिलं, म्हणजे आता पुन्हा पुसायला नको. त्या तेवीस नळ्यांचे नंबर तेवढे माझ्या डायरीत मागच्या पानावर टिपून ठेवले. मॅडमना सवडीने सांगू म्हटलं. ती सवड काही आली नाही.

पुढच्या वर्षी नळ्या मुंबईला गेल्या. काही महिन्यांनी निकाल आला. मॅडम दार लोटून सकाळभर तो वाचत होत्या. मग त्यांनी मला आत बोलावलं. डोळे लाल झालेले.

"बैस. बघ हे," म्हणाल्या. "या सात जणांचा शेजार बघ. काचेवर मी स्वतः तपासलाय, साधाभोळा दिसतो. आणि आत जेवण गाठीचं. थोडंफार नाही, अगदी गाठीचं." मग म्हणाल्या, "दादाचंही असंच असणार. बघून कळण्यासारखं नव्हतंच ते. कोणालाच कळलं नसतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेढे आणले. झाडूवाल्या मावशीपासून खालच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना वाटले. मावशी मला विचारत होत्या, मॅडमना काय बक्षीस लागलं का. मी पेढा तोंडात टाकला आणि टेबलावरच्या त्या कागदावर सात नंबर बघितले. डायरी काढायचीही गरज नव्हती. सातच्या सात माझे होते. निळ्या मार्करचे. पेढा गिळताना मला ठसका लागला, मॅडमनी पाठीवर थोपटलं.

अकरा दिवस मी तोंड उघडलं नाही. ते अकरा दिवस मॅडम जशा होत्या तशा मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. काम करता करता गुणगुणायच्या. एकदा तर मला साडेचारलाच घरी पाठवलं, पोराला बागेत ने म्हणाल्या. एका दुपारी डबा उघडून सांगितलं, "वहिनीला बोलले गं मी सगळं. दादाचं दिसण्यासारखं नव्हतं म्हणून सांगितलं. तिने मला जवळ घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा." हे ऐकल्यावर कोण तोंड उघडेल? आमचे हे म्हणाले, गप्प बस, कोणाचं काय बिघडतंय. मलाही ते पटवून घ्यायचं होतं.

पण मॅडमनी सर्जनना फोन लावायला सुरुवात केली. "शेजार मोठा काढत जा. दिसायला चांगला असला तरी त्याचा भरवसा नाही." आता ज्याचं यकृत आधीच थकलेलं आहे, त्याचं उगाच जास्त कापलं तर तो टेबलावरून उठणार नाही, हे मला सोळा वर्षांच्या रिपोर्टांनी शिकवलेलं. माझ्या पुसलेल्या अक्षरापायी कोणाचा तरी बाप जायचा. त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी डायरी घेऊन त्यांच्या खोलीत गेले.

"मॅडम, तेवीस नळ्यांवर मी अंदाजाने लिहिलंय," मी म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. टेंपो, दव, स्पिरिट, रंग.

ओरडतील असं वाटलेलं. त्यांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. एक नळी घेतली, मार्करने तिच्यावर श लिहिला. स्पिरिटचा बोळा फिरवला. दिव्याकडे धरून बघितलं. मग दुसऱ्या नळीवर ग लिहिला, पुसला. असं तीन-चार वेळा केलं.

"होतो खरा," त्या म्हणाल्या. "श चा ग होतो." आणि नळी खाली ठेवून, "अक्षरं मी निवडलेली. तू नाहीस."

मला त्यांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी त्यांनी सर्जनना उलटे फोन केले, चूक स्वतःची म्हणून सांगितली. माझं नाव कुठेही घेतलं नाही. संस्थेला लिहून त्या तेवीस नळ्या हिशेबातून काढायला लावल्या. उरलेल्यांतून जे निघालं ते साधंच होतं. शेजार बदललेला असतो, पण गाठीसारखा नसतो. कोणाचा शेजार उपाशी, कोणाच्यात चरबी साचलेली, कोणाचा जवळपास धड. प्रत्येक माणसाचा वेगळा. छोटासा लेख झाला, छोट्याशा जागी छापून आला. त्यात त्यांनी माझंही नाव घातलं. मी काढा म्हणून मागे लागले, तर म्हणाल्या, "नळ्या तू भरल्यास. चूकही तूच सांगितलीस. राहू दे."

नळ्या काढून झाल्यावर आठवड्याभराने त्यांनी मला पुन्हा आत बोलावलं. कपाटातून रुमालात गुंडाळलेली एक काच काढली. मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि स्वतः खुर्चीवरून उठल्या.

"मी काही सांगत नाही. तुला काय दिसतं ते सांग."

काचेवर नाव नव्हतं, पण ती कोणाची ते कळायला नाव कशाला हवं? मी पदवीची डॉक्टर नाही. पण सोळा वर्षं मीच कापलेल्या काचा त्या मला बोलावून बोलावून दाखवत आलेल्या. यकृत कसं दिसावं ते मला अंगणाएवढं ओळखीचं. मी वरून सुरुवात केली, हळूहळू खाली आले. सगळं ठीक, ठीक, ठीक. मग डाव्या कडेला थांबले. तिथे पेशींचा एक घोळका होता. लहान लहान, दाटीवाटीने, रांग मोडून बसलेल्या.

मी डोळा भिंगाला लावूनच ठेवला. वर बघायची हिंमत होईना. नाही म्हणावं असं वाटत होतं. एक शब्द म्हटला असता की संपलं असतं. पण अकरा दिवस गप्प राहून मी त्यांना काय दिलेलं आणि काय काढून घेतलेलं, ते आठवडाभर बघत होते.

"डाव्या कडेला," मी म्हटलं. "खाली."

"किती?"

"वीसेक असतील."

"चाळीसच्या वर आहेत," मॅडम म्हणाल्या. त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. "दादा गेल्यावर मी ही काच काढली, तेव्हा मला ते दिसलं. मग मला वाटायचं, खरंच आहेत, का मला शिक्षा हवी म्हणून दिसतायत? कोणाला दाखवायचं धाडस झालं नाही. मग तो निकाल आला तेव्हा वाटलं, नसतीलच." त्यांनी काच परत रुमालात ठेवली. "बरं झालं. आता कळलं."

मी रडायला लागले. "मॅडम, तेव्हा दिसलं असतं तरी काय झालं असतं? त्या काळी उपाय तरी काय होते?"

"फारसे नव्हते. सहा महिने आधी कळलं असतं. बहुतेक तेवढंच."

"मग?"

"मग काय. ते सहा महिने त्यांचे होते." दादा-वहिनींचे, असं त्यांना म्हणायचं होतं.

त्यानंतर मॅडम कामावर रोज वेळेवर यायच्या. रिपोर्ट पूर्वीसारखेच चोख. मला सकाळी काय खाल्लंस हेही विचारायच्या. डबा यायचा, भरलेला, चार पुडांचा. पण उघडताना वहिनींचं नाव निघायचं बंद झालं. मी दोनदा विचारलं, वहिनी बऱ्या आहेत ना. "बरी आहे," एवढंच. घरात काहीतरी बिनसलंय हे कळत होतं, पण आमच्यात घरचं खोदून विचारायची पद्धत नव्हती. पद्धत नव्हती म्हणते, पण खरं तर मी घाबरत होते.

आठ महिन्यांनी एका सकाळी मॅडम आल्या नाहीत. दहाला शेजारच्या कोणाचा तरी फोन आला. पहाटे झोपेतच गेल्या. हार्ट. मी पोचले तोवर सगळं आवरलेलं होतं. त्यानंतर मला त्या लॅबमध्ये बसवेना. आता घोडबंदर रोडला एका मोठ्या लॅबमध्ये आहे. इथे सगळ्या नळ्यांवर बारकोड असतो आणि कोणी कोणाला जेवलीस का विचारत नाही.

मॅडमचं तेरावं झाल्यावर पंधरवड्याने मी डोंबिवलीला वहिनींना भेटायला गेले. दोन खोल्यांचं घर. मॅडमची पुस्तकं खोक्यांत भरायला काढलेली. वहिनींनी चहा टाकला, माझ्यासमोर बसल्या. बारीक चणीच्या बाई, चष्म्याआडचे डोळे सुजलेले. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्या म्हणाल्या, "ती काच तुम्हीच बघितलीत ना?"

मी मान हलवली. "मॅडमनी सांगितलं तुम्हाला?"

"त्याच संध्याकाळी. चपलासुद्धा काढल्या नाहीत, दारातच उभी राहून म्हणाली, वहिनी, मी तुला खोटं सांगितलं, दिसत होतं, माझ्याकडून सुटलं, आमच्या लॅबमधल्या मुलीनेही बघितलं. एवढंच बोलली. जास्त नाही, कमी नाही."

"मग?"

"मग मी तिच्याशी बोलले नाही." वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "आठ महिने. डबा भरत होते, ताट वाढत होते, कपडे वाळत घालत होते तिचे. पण बोलले नाही. ती सकाळी येते गं म्हणायची, मी गॅसकडे तोंड करून उभी. मला वाटायचं, तिने नीट बघितलं असतं तर आज माझा माणूस इथे बसलेला असता. या खुर्चीवर."

मला राहवलं नाही. "वहिनी, तसं नव्हतं. तेव्हा दिसलं असतं तरी दादा वाचले नसते. त्या वेळी त्याला उपायच नव्हते. फार तर सहा महिने आधी कळलं असतं. मॅडमनीच मला सांगितलेलं."

वहिनींचा हात थांबला.

"कोणी सांगितलं?"

"मॅडमनी. त्याच दिवशी, काच बघून झाल्यावर."

"मला नाही बोलली ती हे." त्या माझ्याकडे बघत होत्या, पण मला बघत नव्हत्या. "आठ महिन्यांत एकदा तरी बोलायचं ना तिने. एवढं तरी सांगायचं. मी काय दगड होते का?"

मॅडमना ते स्वतःहून सांगणं ही सबब वाटली असती. आणि कोणी एका शब्दाने विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं. हे मला माहीत होतं, आणि वहिनींनाही.